चेरीच्या लाकडातील रंगफरक: फर्निचर करताना या चुका टाळा

अमेरिकेच्या पूर्व भागात, विशेषतः पेनसिल्व्हेनियातील अ‍ॅलेघेनी पठारावर वाढणाऱ्या ब्लॅक चेरीचे लाकूड नुकताच रंधा मारलेला असताना फिकट गुलाबीसर तपकिरी दिसते आणि उजेड व हवा लागून पुढे गडद तांबूस होते. या लाकडाविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ यातच आहे, कारण फळ्या निवडल्या जातात आजच्या रंगावरून आणि फर्निचर घरात राहते उद्याच्या रंगात. (आपल्याकडे शोरूममध्ये ‘चेरी’ म्हणून जे दाखवले जाते तो पुष्कळदा लॅमिनेटचा किंवा दुसऱ्याच लाकडावर चढवलेला रंग असतो, इथे विषय खऱ्या चेरीचा आहे.)

सर्वांत महाग पडणारी चूक सालीलगतच्या पिवळट-पांढऱ्या लाकडाची असते. नव्या फळीत ते गाभ्याच्या लाकडापेक्षा फारसे वेगळे वाटत नाही, म्हणून टेबलाच्या दर्शनी भागात तसेच जोडले जाते; पुढे गाभा गडद होत जातो, हा पट्टा मात्र जवळपास तसाच फिकट राहतो आणि तफावत काळाबरोबर मिटण्याऐवजी वाढते. तो कापून टाकावा किंवा खालच्या, मागच्या बाजूला वळवावा. रंग देऊन जुळवायचाच असेल, तर गाभ्याच्या पुढे येणाऱ्या रंगाशी जुळवावा.

दुकानातल्या थप्पीत काही फळ्यांना अधिक उजेड लागलेला असतो, काहींना कमी, त्यामुळे वरवर पाहून केलेली निवड फसते. प्रत्येक फळीवर आधी हलका रंधा फिरवावा, मग टर्पेंटाईनने ओला केलेला बोळा पुसून पॉलिशखाली रंग कसा उठेल ते पाहावे आणि शक्य असेल तिथे एका दर्शनी भागासाठी एकाच झाडाच्या फळ्या घ्याव्यात.

जुन्या चेरीचा रंग पहिल्याच दिवशी हवा म्हणून गडद स्टेन (लाकडात मुरणारा रंग) मारणे ही दुसरी मोठी चूक, कारण त्याच्याखालचे लाकूड पुढेही गडद होतच राहते आणि शेवटी वस्तू अपेक्षेपेक्षा काळपट दिसते. शिवाय चेरीचे तंतू जागोजागी दिशा बदलतात, स्टेन सगळीकडे सारखा शोषला जात नाही आणि पृष्ठभागावर ढगाळ डाग उमटतात. डाग खरा की तंतूंचा खेळ, हे ठरवायला पाहण्याची दिशा बदलून पाहावे: गडद जागा दुसऱ्या बाजूने उजळ दिसली तर ती लाकडाची नैसर्गिक झळाळी समजावी, तिला हात लावू नये, दोन्हीकडून गडदच राहिली तर तो डाग आहे आणि रंग जितका खोल मुरला असेल तितके लाकूड रंध्याने किंवा पॉलिश पेपरने काढावे लागते. स्टेन देणे अटळच असेल तर मेणविरहित लाखेचा अगदी पातळ हात आधी द्यावा किंवा जेल स्टेन (फारसा आत न मुरणारा घट्ट स्टेन) वापरावा, आणि दोन्ही आधी टाकाऊ तुकड्यावर करून पाहावे. माझ्या मते साधे तेल आणि खिडकीतले ऊन यांनी येणारा रंग कोणत्याही डब्यातल्या रंगापेक्षा सरस असतो.

काळ्या बारीक रेषा आणि ठिपके बहुधा झाडाच्या डिंकाचे असतात. ते घासून जात नाहीत, त्यामुळे त्यांची जागा फळ्या मांडतानाच ठरवावी.

चेरीला रंग देणारे ऊन अंगाशीही येते. अर्धवट तयार झालेले भाग एकमेकांवर ठेवले किंवा नव्या टेबलावर दिवा, पुस्तके, टेबलक्लॉथ एकाच जागी राहिले, तर झाकलेला भाग फिकट राहून कड स्पष्ट उमटते. घाईने घासायला जाऊ नये, कारण पॉलिश पेपरने गडद झालेला पातळ थर निघतो आणि तिथे नवाच फिकट डाग तयार होतो. मोकळ्या जागेचा रंग बदलण्याचा वेग कालांतराने मंदावतो, म्हणून झाकलेला भाग उघडा ठेवला तर तो हळूहळू बरोबरीला येतो. वाढवता येणाऱ्या जेवणाच्या टेबलाच्या जादा फळ्या कपाटात ठेवण्याऐवजी पहिले काही महिने टेबलातच बसवून ठेवाव्यात.