जर्मनी की मकरपुरा? अप्रेंटिसशिप ताडून कशी बघायची

आयटीआयचे रिझल्ट लागले की आमच्या बडोद्यात दांडिया बाजारात कोणी ना कोणी गाठतंच, काका आमच्या पोराला इथेच मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, अप्रेंटिस लावू की तो जर्मनीचं म्हणतोय ते करू, एजंट तर महिन्याला लाखभर सांगतोय. म्हटलं एकदा लिहूनच टाकतो.

पहिली गोष्ट, पैशाचा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. एका कागदावर देशांची नावं लिहा आणि प्रत्येकासमोर चार प्रश्नांची उत्तरं: करार कोणाशी होणार, शिकवणार कोण आणि आठवड्यात किती वेळ, परीक्षा कोण घेणार, आणि मधेच सोडायची वेळ आली तर काय. हे चार भरता आले की स्टायपेंडला काही अर्थ येतो.

आपल्यापासूनच सुरू करा. आपल्याकडे १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे, ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला एकूण माणसांच्या अडीच ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, त्याहून लहान युनिटला मर्जी, म्हणून छोट्या वर्कशॉपवाला शेठ "बघू, सांगतो" म्हणतो तेव्हा त्याच्यावर बंधन नसतं हे लक्षात ठेवा. करार सरकारी पोर्टलवर रजिस्टर झाला पाहिजे, झाला नसेल तर पोरगा अप्रेंटिस नाही, स्वस्तातला हेल्पर आहे. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याला किमान ७,००० रुपये ठरले, कंपनी जास्तही देऊ शकते, आणि एनएपीएस या केंद्राच्या अप्रेंटिस स्कीममध्ये सरकार स्टायपेंडचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, स्वतः भरतं. कायद्याने अप्रेंटिस हा कामगार नाही, ट्रेनी आहे, पण कामावर लागलं-बिगलं तर भरपाईचा हक्क आहे. संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नाही. रेल्वेत मात्र फायदा होतो, लेव्हल १ च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पदांच्या, भरतीत २० टक्के जागा अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी असतात, म्हणून प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपसाठी एवढी धावाधाव.

आपलं गाडं अडतं ते दुसऱ्या प्रश्नावर, शिकवणार कोण. माझ्या ओळखीचा फिटर ट्रेडचा एक पोरगा, करार नीट, स्टायपेंड वेळेवर, पण पूर्ण वर्ष त्याला एकाच बेंचवर डीबरिंगला, म्हणजे पार्टच्या धारदार कडा घासायला, बसवलं, हातात कानस आणि समोर पार्टचा ढीग, मेंटेनन्सचं एकही काम नाही, ड्रॉइंग हातात दिलं ते फक्त झेरॉक्स काढून आणायला. त्यामुळे जॉइन करायच्या आधी एचआरला काही विचारू नका, गेटबाहेर चहाच्या लारीवर मागच्या बॅचची पोरं सापडतात, त्यांना विचारा की कोणकोणत्या मशीनवर फिरवलं. दोन मिनिटांत कळतं.

आता जर्मनी. तिथे हाच दुसरा प्रश्न सगळ्यात पक्का सोडवलाय. आउसबिल्डुंग, म्हणजे तिथली अप्रेंटिसशिप, साधारण दोन ते साडेतीन वर्षांची, आठवड्यात तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस व्होकेशनल स्कूलमध्ये, किंवा मग शाळेचे काही आठवडे सलग. कंपनीत ज्याला शिकवायची जबाबदारी आहे त्याला शिकवता येतं याची वेगळी परीक्षा द्यावी लागते, नुसतं वीस वर्षं लेथ चालवली म्हणून चालत नाही. आणि वही! काय काम केलं, काय शिकलो हे पोराने नियमित लिहायचं, शिकवणाऱ्याने सही करायची, आता कंप्यूटरवरही चालते, पण ती नसेल तर फायनल परीक्षेला बसू देत नाहीत. म्हणजे वर्षभर डीबरिंग केलं तर वहीत पानोपानी डीबरिंगच दिसणार आणि कोणीतरी विचारणार.

परीक्षा कंपनी घेत नाही, चेंबर म्हणजे व्यापार-उद्योगांची संस्था घेते, इंडस्ट्रीच्या ट्रेडला आयएचके नावाचं चेंबर. बोर्डावर मालकांचा माणूस, कामगारांचा माणूस आणि शाळेचा शिक्षक, तिघंही असतात. इंडस्ट्रियल मेकॅनिक म्हणजे आपल्या फिटरच्या जवळचा ट्रेड, त्याची परीक्षा दोन भागांत, पहिला साधारण मधे आणि त्याला ४० टक्के वजन, दुसरा शेवटी ६० टक्के. सोडायचं झालं तर प्रोबेशन एक ते चार महिने, त्यानंतर कंपनीला असंच काढता येत नाही, पण पोराला तो ट्रेडच नको असेल तर चार आठवड्यांची नोटीस देऊन बाहेर पडता येतं. हे इतकं एकतर्फी पोराच्या बाजूने आहे की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरंच वाटत नाही.

मग आकडा. २०२५ मध्ये सुरू करणाऱ्याला पहिल्या वर्षी कायद्याने किमान ६८२ युरो, तेही कापाकापीच्या आधीचे, त्यातूनच इन्शुरन्स, भाडं, खाणं. मोठ्या कंपन्यांत जास्त मिळतात पण एजंटचा लाख सगळ्यांना लागू नाही. व्हिसासाठी साधारण बी१ पातळीचं, म्हणजे रोजचं बोलणं-समजणं जमेल इतकं, जर्मन लागतं, आणि शाळा-परीक्षा जर्मनमध्येच, त्यामुळे तिथे जाऊन शिकू हे डोक्यातून काढून टाका.

स्वित्झर्लंड जर्मनीचंच भावंड, तिथे तर दहापैकी साधारण सहा-सात पोरं शाळेनंतर हाच रस्ता धरतात, हुशार पोरंसुद्धा. यूबीएस बँकेचे सीईओ सर्जियो एर्मोत्ती लुगानोच्या एका बँकेत अप्रेंटिस म्हणूनच सुरू झाले. आपल्याकडे आयटीआय म्हटलं की नातेवाईक तोंड वाकडं करतात, ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये हाताचं काम शिकवायला कलाभवन काढलं त्या गावात, असो.

ब्रिटनमध्ये पैसे कुठून येतात ते बघण्यासारखं आहे, २०१७ पासून ज्या कंपनीचा पगाराचा खर्च वर्षाला ३० लाख पाउंडांच्या वर, तिच्यावर ०.५ टक्के लेव्ही, म्हणजे कर, मग ते पैसे ट्रेनिंगवर वापरायला मिळतात. अमेरिकेत १९३७ चा कायदा, तिथे तास मोजतात, किमान २,००० तास कामावर आणि वर्षाला १४४ तास क्लासची शिफारस, आणि कौशल्य वाढेल तसा पगार वाढायलाच पाहिजे. आपल्या पोरांना हे दोन देश सहज मिळत नाहीत म्हणून जास्त लिहीत नाही.

जपानबद्दल मात्र थांबून बघा, कारण सध्या त्याची जाहिरात फार. कंपनीच्या आत, सिनियरकडून काम शिकणं यात जपानी लोकांचा हात कोणी धरणार नाही, पण बाहेरच्यांसाठी १९९३ पासून चाललेल्या टेक्निकल इंटर्न स्कीममध्ये चौथ्या प्रश्नाचं उत्तर वाईट आहे, मालक पटला नाही तरी सहसा बदलता येत नाही, आणि खूप पोरं दलालाचं कर्ज डोक्यावर घेऊन गेलेली. म्हणून २०२४ मध्ये तिथे नवीन कायदा झाला, २०२७ पासून दुसरी सिस्टीम येणार, त्यात काही अटींवर त्याच क्षेत्रात मालक बदलता येईल. कोणी फॉर्म घेऊन आला तर आधी विचारा, जुन्या स्कीमचा की नव्या.

कागदावर रिकाम्या राहिलेल्या जागा एजंटकडून भरून घेऊ नका, कंपनीला थेट मेल करा, ट्रान्सलेटर आहेतच आता. जर्मनीचं असेल तर करार चेंबरमध्ये नोंदवला जाणार का हे लेखी मागा, आणि शिकवण्याबद्दल कंपनीने ट्रेनीकडून पैसे घ्यायची अट तिथे कायद्यानेच रद्दबातल आहे, म्हणजे "कंपनीची ट्रेनिंग फी" असं कोणी म्हणालं तर तिथेच उठा. आणि कंपनीचं नाव आधी सांगता येत नाही म्हणाला तर पासपोर्ट सोडा, त्याची झेरॉक्सही देऊ नका.