टू किल अ मॉकिंगबर्ड : पुस्तक आणि पिक्चरची तुलना कशी लिहायची

सोलापुरात बीए, एमए इंग्लिश करणाऱ्या पोरापोरींना ही असाइनमेंट आली की बरेच जण पिक्चरमध्ये काय काय गाळलं त्याची यादी देऊन मोकळे होतात. आत्या नाही, काका नाही, अमका प्रसंग नाही. अरे 31 प्रकरणांचं पुस्तक दोन तास नऊ मिनिटांत बसवायचं म्हटल्यावर गाळावं लागणारच की! गोष्ट थोडक्यात अशी, अमेरिकेत टॉम नावाच्या काळ्या माणसावर खोटा खटला होतो आणि ॲटिकस हा गोरा वकील त्याची बाजू मांडतो. विचारायचं ते हे, की गाळल्यामुळे अन्यायाची ही गोष्ट नक्की कोणाची झाली.

आधी पुस्तक वाचा, मे महिन्यात दुपारी तसंही बाहेर पडवत नाही. पिक्चर आधी बघितला की ॲटिकस झालेल्या ग्रेगरी पेकचा चेहरा डोक्यात बसतो आणि मग तुमचा स्वतःचा ॲटिकस तयारच होत नाही. माहिती एका ओळीत संपवा: हार्पर लीची कादंबरी 1960 ची, पुलित्झर 1961 ला, पिक्चर 1962 चा, दिग्दर्शक रॉबर्ट मलिगन, पटकथेसाठी हॉर्टन फूटला आणि अभिनयासाठी पेकला ऑस्कर.

आता सगळं पुस्तक धरू नका, कोर्टाचा भाग धरा, 17 ते 21 ही प्रकरणं. वाचताना दर पानाला एकच बघायचं, हे कोण बघतंय? पुस्तकात सगळं ॲटिकसच्या लहान मुलीच्या, स्काउटच्या डोळ्यांनी, वर काळ्या लोकांच्या गॅलरीत बसून. पिक्चरमध्ये कॅमेरा खाली उतरतो, ॲटिकसच्या समोर उभा राहतो, त्याचं शेवटचं भाषण सगळा पडदा व्यापतं. तिथे पॉज करा, मिनिट लिहून ठेवा, फ्रेममध्ये कोण आहे आणि कोण नाही ते लिहा. सरकारी वकील टॉमची उलटतपासणी ज्या तुच्छतेने घेतो ते ऐकून पुस्तकातला स्काउटचा छोटा मित्र डिल रडायला लागतो, त्याला बाहेर न्यावं लागतं, आणि माझ्या मते अख्ख्या खटल्यात यापेक्षा जास्त बोलणारी जागा नाही, कारण निकालाच्या आधीच एका लहान पोराला नुसत्या आवाजावरून अन्याय कळलाय. पिक्चरमध्ये हे नाही. पण तिथे ब्रॉक पीटर्सचा टॉम साक्ष देताना डोळ्यात पाणी आणतो, तो चेहरा पुस्तक दाखवू शकत नाही, हेही प्रामाणिकपणे लिहा.

मग 12 वं प्रकरण. ॲटिकसच्या घरी काम करणारी काळी बाई कॅलपर्निया त्याच्या मुलांना आपल्या चर्चमध्ये नेते, तिथे बहुतेकांना वाचता येत नाही म्हणून एक जण गाण्याची ओळ म्हणतो आणि बाकीचे मागून म्हणतात, टॉमच्या बायकोसाठी दहा डॉलर जमेपर्यंत पाद्री दार बंद करून ठेवतो. म्हणजे काळ्या लोकांचं स्वतःचं जग आहे, एकमेकांना धरून राहणं आहे. पिक्चरमधून हे गेलं आणि कॅलपर्निया स्वयंपाकघरापुरती उरली. तुमचा मुख्य मुद्दा इथेच सापडेल बघा. टॉमच्या मरणाचं पण असंच, पुस्तकात तो तुरुंगाच्या कुंपणावर चढताना मारला जातो, सतरा गोळ्या, पिक्चरमध्ये निकालाच्या रात्रीच त्याला दुसरीकडे नेताना पळाला म्हणून एक पोलीस गोळी झाडतो. सतरा आणि एक, यावर एक पॅरा सहज होतो.

वेगळी गॅलरी वाचली की आपल्याला लगेच जात आठवते, आठवू दे, लिहा पण. फक्त वंश आणि जात एकच असं लिहून मोकळं होऊ नका, साम्य कुठे आणि फरक कुठे ते सांगा. कथा 1930 च्या दशकातली आहे, आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली तीही खटला चालवूनच, त्यामुळे कोर्टातूनही अन्याय होतो हे सोलापूरच्या वर्गात पटवायला फार वेळ लागणार नाही.

लिहिताना "पुस्तक जास्त छान" हे वाक्य काढून टाका. प्रत्येक दाव्यामागे एक पान नंबर आणि पिक्चरचं एक मिनिट द्या, आणि प्रेझेंटेशन असेल तर दोन मिनिटांच्या वर क्लिप लावू नका, नाहीतर सगळा वेळ पेकच खाऊन जातो.