ग्रुपमध्ये उलट मत मांडताय? मी केल्या त्या चुका टाळा

आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं. कापसाचा भाव, लाइन कधी येणार, कुणाकडं तेरवी, सगळं तिथंच कळतं. आणि ग्रुप झाडून सगळा विदर्भवादी. वेगळं राज्य झालं म्हणून आपल्या ओलिताचा प्रश्न सुटणार नाही, असं म्हणणारा मी एकटा. म्हणायला हरकत नव्हती, रीत चुकली.

पहिली चूक दिवसाची. १ मे म्हणजे महाराष्ट्र दिन, पण विदर्भवाद्यांचा काळा दिवस. सकाळपासून सगळ्यांचे डीपी काळे, आणि संध्याकाळी मी लांबलचक मेसेज टाकून मोकळा. लग्नघरी जाऊन हुंड्यावर भाषण ठोकल्यासारखं झालं ते. विषय आपसूक निघेल अशा एखाद्या रिकाम्या दिवसाची वाट पाहा. मयताची बातमी आली असेल किंवा उद्या मतदान असेल, तर फोन खिशातच राहू द्या.

दुसरी चूक मला अजून डसते. मी लिहिलं होतं, ‘फाजल अली आयोगानंच वेगळा विदर्भ नाकारला.’ राज्यांच्या फेररचनेसाठी केंद्रानं नेमलेला आयोग तो. कुठल्याशा फॉरवर्डमध्ये वाचलेलं, तपासलं नव्हतं. अर्ध्या तासात निवृत्त गुरुजींचा व्हॉइस मेसेज आला, आवाज एकदम शांत: “बापू, उलटं लिवलं तू. १९५५ मधी आयोगानं तं वेगळा विदर्भ द्याच म्हनलं होतं. भेटला नाही, थे अलग गोष्ट हाय.”

गुरुजींचं खरं होतं. शिफारस वेगळ्या राज्याचीच होती. विदर्भ मात्र १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात गेला. त्या एका वाक्यापायी पाण्याबद्दलचं माझं बाकी लिहिणं कुणी वाचलंच नाही. बहुमतातल्या माणसानं चुकीचा आकडा टाकला तर त्याला अंगठे मिळतात, आपला एक चुकला की आपण खोटारडे. अन्याय आहे, पण हे धरूनच चाला आणि प्रत्येक साल दोनदा तपासा.

त्यावर मी काय करावं? मेसेज डिलीट केला! डिलीट केल्याची ओळ तिथं राहतेच, आणि स्क्रीनशॉट तोवर शेजारच्या गावात पोचलेला. चुकलं तर त्याच ग्रुपवर एका ओळीत कबूल करा: ‘गुरुजी बरोबर, आयोगाबद्दल माझं चुकलं. पाण्याचा मुद्दा कायम.’ मला हे सुचायला दोन दिवस लागले.

‘तुम्हा विदर्भवाद्यांना’ अशी सुरुवात तर करूच नका. वाद मताशी न राहता दोनशे घरांशी होतो. जे आपल्यालाही पटतं तिथून उचला. विदर्भानं महाराष्ट्रात यावं म्हणून नेत्यांनी केलेल्या १९५३ च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्यांचा वाटा कबूल केला होता. तो धड मिळाला नाही, हे मलाही पटतं. मी तिथून सुरू केलं असतं, तर निदान चार जणांनी पुढचं वाचलं असतं.

अ‍ॅडमिनला मध्ये ओढू नका. आमचा अ‍ॅडमिन कृषी केंद्रवाला. ‘केस होते’ असं कुणी त्याच्या कानात सांगितलं आणि यानं ग्रुपला कुलूपच लावलं. मग मी दुकानात जाऊन त्याला सांगितलं, की २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात निकाल दिलाय: दोघांचा हेतू एकच असल्याशिवाय सदस्याच्या मजकुरासाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. लिहिणाऱ्याची जबाबदारी मात्र सुटत नाही, हेही सांगितलं. तेव्हा कुलूप निघालं.

रात्री बारा वाजता ग्रुप सोडायलाही निघालो होतो. बायकोनं फोन काढून घेतला, म्हणून वाचलो.

आठवड्याभरानं, ग्रुपवर मला ‘पुण्याचा एजंट’ म्हणणारा भाऊ सकाळीच दारात. त्याच्या विहिरीवरची मोटार जळली होती, आमची जास्तीची हवी होती. मोटार गाडीवर बांधता बांधता म्हणाला, “पान्याचं थे काय लिवलं होतं बे तू?”