ख्रिस्ताच्या दोन स्वभावांचा वाद : लिहिताना या चुका टाळा

ख्रिस्तामध्ये देवपण आणि माणूसपण हे दोन स्वभाव एकत्र कसे असतात, या विषयावरील लेखनात सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे इ.स. ३२५ ची निकेया परिषद आणि ४५१ ची कॅल्सिडन परिषद एकाच प्रश्नासाठी भरल्या होत्या असे गृहीत धरणे. निकेयात वाद होता तो पुत्र, म्हणजे ख्रिस्त, अनादी देव आहे की, आरियस म्हणत असे त्याप्रमाणे, पित्याने निर्माण केलेला आहे, याविषयी. पुत्र पूर्ण देव आहे हे ठरल्यावरच पुढचा पेच तीव्र झाला : मग भुकेलेला, रडलेला आणि क्रुसावर मेलेला तो कोण? लाओदिकेयाच्या अपोलिनारिसने ख्रिस्तामध्ये मानवी बुद्धीची जागा ईश्वरी शब्दाने (म्हणजे त्या देवपुत्रानेच) घेतली होती असे उत्तर दिले. परंतु त्यामुळे येशूचे माणूसपण अपुरे राहत असल्याने ३८१ च्या कॉन्स्टॅन्टिनोपल परिषदेने ते नाकारले.

कॉन्स्टॅन्टिनोपलच्या बिशपाविषयीचे ‘नेस्टोरियसने दोन ख्रिस्त मानले’ हे वाक्य निर्विवाद सत्य म्हणून लिहू नये, कारण तो त्याच्या विरोधकांचा आरोप होता आणि त्याने स्वतः तो कधी मान्य केला नाही. त्याचा आक्षेप मरियेला ‘देवमाता’ म्हणण्यावर होता. ४३१ मध्ये एफिससच्या परिषदेत अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याने, अंत्युखियाचे बिशप पोहोचण्याची वाट न पाहता, त्याला पदच्युत करवले. ही घाई वगळली तर पुढची कटुता समजत नाही.

सर्वांत अन्यायकारक चूक मात्र कॅल्सिडन नाकारणाऱ्या सर्वांना कॉन्स्टॅन्टिनोपलचा मठाधिपती युतिकेस याचे अनुयायी ठरवण्याची आहे. ख्रिस्ताचे मानवपण आपल्यासारखेच आहे हे मान्य करायला युतिकेस कचरत होता, आणि कॉप्टिक, आर्मेनियन, इथिओपियन व सिरियाक ऑर्थोडॉक्स चर्च त्यालाही पाखंडीच मानतात. दोन स्वभाव ‘मिसळण, बदल, विभागणी वा ताटातूट न होता’ एका व्यक्तीत आहेत, या कॅल्सिडनच्या सूत्रात त्यांना नेस्टोरियसची छाया दिसली. म्हणून ते सिरिलच्या ‘देहधारी झालेला एकच स्वभाव’ या शब्दांना धरून राहिले. केरळमधील मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्च याच परंपरेतले, तर थ्रिसूरचे कॅल्डियन सिरियन चर्च नेस्टोरियसला आदराने स्मरणाऱ्या पूर्वेच्या चर्चचे. तेव्हा ‘सिरियन ख्रिस्ती’ असा सरसकट उल्लेख येथे चालत नाही.

वाद ४५१ मध्ये मिटला असेही लिहू नये. सातव्या शतकात ख्रिस्ताची इच्छा एक की दोन, हा प्रश्न उभा राहिला. दोन इच्छांचा आग्रह धरणाऱ्या मॅक्सिमस या मठवाशाला सम्राटाच्या अधिकाऱ्यांनी जीभ व उजवा हात तोडून हद्दपार केले आणि ६६२ मध्ये तो मरण पावला. ६८०–६८१ च्या कॉन्स्टॅन्टिनोपल परिषदेने त्याचेच मत ग्राह्य धरले.