मावा दिसला की पंप उचलू नका: रंगीत कीटकांना बागेत कसं टिकवावं

सोलापूरचा उन्हाळा सोसलेल्या कुंड्या पहिल्या पावसात तरारतात आणि कोवळ्या शेंड्यांवर लगेच मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, बसतो. औषध फवारण्याआधी आठवडाभर थांबा.

सकाळी ऊन चढायच्या आत पानं उलटून बघा. माव्याजवळ पिवळ्या, उभ्या अंड्यांचा पुंजका दिसला तर तो बहुधा ढालकिड्याचा (लेडीबर्डचा). त्यातून निघणारी अळी गोल-लाल नसते. ती काळपट, लांबुळकी, पाठीवर नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा सुसरीसारखी असते. घाणेरडा किडा समजून आपण नेमकी तिलाच चिरडतो, आणि मावा फस्त करते तीच! मीही कितीतरी चिरडल्या, त्याचं आजही वाईट वाटतं.

वांग्यावर ढालकिड्यासारखा किडा दिसला तर मात्र नीट पारखा. पाठ चकचकीत नसेल, बारीक लव असेल, ठिपके 28 च्या आसपास असतील आणि पानाची जाळी झाली असेल, तर तो पानं खाणारा हड्डा भुंगेरा. तो हाताने वेचा.

मावा फारच वाढला तर पाण्याची जोरदार धार मारा. मुंग्यांची रांग खोडावरच अडवा. माव्याचा गोड चिकटा मिळावा म्हणून त्या ढालकिड्यांना हुसकावतात.

आता फुलपाखरं. त्यांच्यासाठी कढीपत्ता किंवा लिंबू लावाच. लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते. काडीने हलकेच स्पर्श करा: डोक्यामागून नारिंगी दुबेळकं बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. हा तिचा बचाव. चार पानं गेली तर जाऊ द्या, झाड पुन्हा फुटतं. कुंपणाला रुई असेल तर उपटू नका, बिबळ्या कडवा हे फुलपाखरू तिच्यावर अंडी घालतं.

थोडी कोथिंबीर न खुडता फुलोऱ्यावर येऊ द्या. उथळ परळात खडे घालून पाणी ठेवा. उन्हात मधमाश्यांना टेकायला जागा होते. आपल्या जिल्ह्यातल्या डाळिंबांच्या बागा त्यांच्यावर किती अवलंबून आहेत, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे.

दिवाळीच्या साफसफाईत वाळक्या काटक्या छाटण्याआधी कोष शोधा. कंबरेला धागा बांधून काटकीला टेकलेला दिसला तर ती काटकी तशीच राहू द्या. एखाद्या सकाळी ओले, चुरगळलेले पंख घेऊन फुलपाखरू बाहेर येईल आणि वाळेपर्यंत तिथेच लटकून राहील.