मोठी आरव्ही, अरुंद कॅम्पग्राउंड: गाडी न ठोकता आणि शेजार न दुखावता जागेवर कशी लावावी

अमेरिकेतल्या नॅशनल पार्कांतली बरीचशी कॅम्पग्राउंड आजच्या लांबलचक गाड्या डोळ्यांसमोर ठेवून आखलेली नाहीत. रस्ता एकेरी, वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना झाडं, आणि साइटच्या (म्हणजे एका मुक्कामासाठी आखून दिलेल्या जागेच्या) कोपऱ्यांवर नेमके मोठे दगड किंवा लाकडी खांब. ते शोभेसाठी नसतात. आधी येऊन गेलेल्यांनी कोपरे कापले म्हणून ते तिथे आले. अशा ठिकाणी २५-३० फुटी मोटरहोम (आत राहता येईल अशी मोठी गाडी, आरव्हीचाच एक प्रकार) भाड्याने घेऊन जाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे लिहिलं आहे. भारतातून आलेले आईबाबा, दोन कुटुंबं, चार मुलं आणि पहिल्यांदाच हातात आलेली एवढी मोठी गाडी, असा बेत असेल तर आधी वाचून ठेवा.

गाडीची मापं आणि साइटची निवड

बुकिंग करण्याआधी गाडीची खरी मापं लिहून घ्या. '२५ फुटी' हे भाड्याच्या कंपनीने दिलेलं नाव असतं. मागचा बंपर, शिडी, सायकलींचा रॅक धरून लांबी जास्त भरू शकते. रुंदी साधारण साडेआठ फूट, आरसे धरले तर जवळजवळ १० फूट. छतावरच्या एसीसकट उंची १२ फुटांच्या आसपास. हे तीन आकडे कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. ऐन वेळी फांदीकडे बघत 'बसेल बहुतेक' म्हणण्यापेक्षा आकडा समोर असलेला बरा.

रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी बुकिंगच्या संकेतस्थळावर प्रत्येक साइटच्या माहितीत कमाल लांबी आणि प्रवेशाचा प्रकार दिलेला असतो. 'पुल-थ्रू' म्हणजे एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. 'बॅक-इन' म्हणजे रिव्हर्स घेऊनच लावायची. पहिलीच ट्रिप असेल आणि पुल-थ्रू मिळत असेल, तर नदीकाठच्या देखाव्याचा मोह सोडून तीच घ्या. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर दोन कॅम्पग्राउंड अगदी जवळजवळ आहेत. मॅदरमध्ये ३० फुटांपर्यंतच्याच गाड्या चालतात, तर ट्रेलर व्हिलेजमध्ये ५० फुटांपर्यंतच्या पुल-थ्रू साइट आणि वीज-पाण्याची जोडणी मिळते. योसेमिटीच्या अपर पाइन्समध्ये मोटरहोमची मर्यादा ३५ फूट आहे, पण ती सगळ्या साइटना लागू होईल असं समजू नका. आपल्या साइटचा आकडा वेगळा पाहा आणि दोन-तीन फूट हातचे ठेवा.

रस्त्याचीही चौकशी करा. ग्लेशियर पार्कच्या गोइंग-टू-द-सन रस्त्यावर, अ‍ॅव्हलांच क्रीक ते रायझिंग सन या टप्प्यात, २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसकट ८ फुटांपेक्षा रुंद वाहन चालत नाही. भाड्याच्या बहुतेक मोटरहोम इथेच बाद होतात.

पोचण्याची वेळ

उजेड असताना पोचा. अंधारात खांब दिसत नाहीत, फांद्या तर नाहीतच, आणि तुमचे हेडलाइट शेजारच्या तंबूत झोपलेल्या माणसाच्या तोंडावर पडतात. योसेमिटीत रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असते. इतरत्रही साधारण तीच. उशीर होणार असेल तर खासगी पार्कला आधी फोन करा. अनेक ठिकाणी उशिरा येणाऱ्यांना दर्शनी भागातली सोपी जागा देतात. अंधारात लावावीच लागली तर बाहेर उभ्या माणसाने डोक्याला बांधायचा टॉर्च वापरू नये, कारण तो आरशातून थेट चालकाच्या डोळ्यांत जातो. टॉर्च हातात धरून जिथे चाक यायचं आहे तिथल्या जमिनीवर प्रकाश पाडावा.

मोटरहोमच्या मागे टो-बारला (ओढायच्या दांड्याला) चारही चाकं जमिनीवर ठेवून कार जोडली असेल तर ती प्रवेशद्वाराजवळच्या मोकळ्या जागेत सोडवा. तशी जोडणी घेऊन रिव्हर्स घेता येत नाही. मागच्या कारची पुढची चाकं आडवी होतात आणि टो-बार वाकतो. लूपमध्ये, म्हणजे साइटना जाणाऱ्या गोल एकेरी रस्त्यावर, शिरल्यावर ती सोडवत बसलात तर मागे रांग लागते.

आधी पायी

साइटच्या थोडं अलीकडे थांबा, हझार्ड लाइट लावा, हँडब्रेक ओढा आणि चालक व स्पॉटर (बाहेर उभा राहून चालकाला खुणा करणारा) दोघंही खाली उतरा. फक्त स्पॉटरने उतरून चालत नाही. जे चालकाने स्वतः पाहिलेलं नाही ते त्याला आरशातही ओळखू येत नाही.

पाहायचं ते असं: वीज-पाण्याचा खांब कुठे आहे, पिकनिक टेबल आणि शेकोटीचं लोखंडी कडं कुठे आहे, कोपऱ्यावरचे दगड आणि छाटलेल्या झाडांची बुंधं कुठे आहेत. ही बुंधं आरशात अजिबात दिसत नाहीत आणि सर्वांत जास्त नुकसान तीच करतात. मग मान वर करून १२ फुटांच्या खालच्या फांद्या शोधा. अनेक भाडेकरारांत छताला आणि गाडीच्या पोटाला झालेलं नुकसान विम्यातून वगळलेलं असतं, म्हणून ही मान वर करणं स्वस्त पडतं. शेवटी रस्त्याच्या समोरच्या बाजूला काय आहे ते पाहा, कारण शेपूट आत जाताना तोंड तिकडे फिरणार आहे.

आरव्हीचं दार उजवीकडे असतं आणि वीज, पाणी, सांडपाणी यांची जोडणी डावीकडे. त्यामुळे गाडी साइटच्या मधोमध लावायची नसते. डावीकडे, खांबाच्या बाजूला, दोन-तीन फूट सोडून लावली की उजवीकडे टेबल आणि ऑनिंगला (गाडीच्या बाजूला उघडणाऱ्या कापडी छपराला) जागा राहते. बाहेर सरकणारी स्लाइड-आउट खोली असेल तर ती पूर्ण उघडल्यावर खांब किंवा झाड आड येणार नाही एवढं अंतर आत्ताच मोजा. डावं मागचं चाक जिथे थांबायला हवं तिथे हातमोजा किंवा चपटा दगड ठेवा. चालकाला लक्ष्य लागतं.

एक स्पॉटर, एक भाषा

आपल्याकडे गाडी रिव्हर्स घेताना आजूबाजूचा प्रत्येक जण हात हलवतो. 'येऊ दे, येऊ दे', 'अरे थांब', 'काट मार, काट', सगळं एकदम. इथे ते कटाक्षाने टाळा. एसटी मागे घेताना कंडक्टरची एकच शिट्टी चालते, तसा इथे एकच माणूस बोलेल हे आधी ठरवा. बाकीच्यांनी टेबलाशी बसावं. मुलं मोजा, एका मोठ्या माणसाच्या ताब्यात द्या, आणि ती जागेवर आहेत हे ऐकल्यावरच रिव्हर्स गिअर टाका.

स्पॉटरने चालकाच्या बाजूला, म्हणजे डावीकडे, गाडीच्या मागच्या कोपऱ्यापासून लांब आणि डाव्या आरशात दिसेल असं उभं राहायचं. थेट मागे कधीही नाही. स्पॉटर आरशातून दिसेनासा झाला की चालकाने विचार न करता थांबायचं. हा नियम पाळला तर बाकीच्या चुका किरकोळ ठरतात.

खुणा चारच पुरेत. दोन्ही हातांनी स्वतःकडे बोलावणं म्हणजे ये. हाताने दाखवलेली दिशा म्हणजे शेपूट तिकडे जायला हवं. समोरासमोर धरलेले तळवे म्हणजे उरलेलं अंतर, ते जवळ येत जातील. डोक्यावर मनगटांची फुली म्हणजे थांब. फोनवर किंवा वॉकीटॉकीवर बोलत असाल तर 'डावीकडे, उजवीकडे' नको, कारण डावं कोणाचं हा घोळ दर वेळी होतो. 'शेपूट टेबलाकडे', 'शेपूट खांबाकडे' असं सांगा. स्टिअरिंग कसं फिरवायचं हे स्पॉटरने सांगू नये, ते चालकाचं काम. अंतर फुटांत मोजा: 'सहा, चार, दोन, थांब.' आणि 'थांब' हा शब्द दीड-दोन फूट शिल्लक असतानाच म्हणा. शब्द पोचून ब्रेक लागेपर्यंत गाडी थोडी सरकतेच.

रिव्हर्स

साइट चालकाच्या बाजूला, डावीकडे असेल तर काम सोपं, कारण सगळं डाव्या आरशात दिसतं. एकेरी लूपमध्ये साइट बहुधा वाहतुकीच्या दिशेला धरून तिरक्या आखलेल्या असतात, त्यामुळे उलट्या दिशेने शिरू नका. नियम तर मोडतोच, शिवाय कोनही बिघडतो.

१. मागून कोणी येत असेल तर आधी त्याला पुढे जाऊ द्या. मग सुरुवात करा.

२. साइट ओलांडून पुढे जा आणि जाता जाता तोंड उजवीकडे वळवा, म्हणजे शेपूट साइटकडे रोखलं जाईल. मग चाकं सरळ करून थांबा.

३. अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू नका. सपाट जागेवर ब्रेक सैल केला की गाडी आपसूक मागे सरकते. चढ असेल तर पाय अगदी हलका ठेवा.

४. स्टिअरिंग डावीकडे फिरवत आत घ्या. फार लवकर फिरवलं तर गाडीची डावी बाजू जवळच्या कोपऱ्याच्या खांबाला घासते. उशीर झाला तर शेपूट पलीकडच्या कोपऱ्यात जातं. या वेळी तोंड उजवीकडे झुकतं, म्हणून दर काही फुटांनी उजव्या पुढच्या कोपऱ्याकडे बघा. सगळ्यांचं लक्ष मागे असतं आणि समोरच्या साइटवरची कार पुढच्या बंपरने चेपते.

५. गाडी साइटला समांतर होऊ लागली की स्टिअरिंग सरळ करा.

जमत नाही असं वाटलं की पुढे घ्या. पुढे घेणं ही हार नाही. बिघडलेला कोन मागे जाऊन दुरुस्त होत नाही, वाढतो. अनुभवी लोकही दोन-तीनदा पुढे-मागे करतात. तेवढ्यानेही जमलं नाही आणि मागे गाड्या साचल्या, तर सरळ लूपची एक फेरी मारून या. साइट चुकून मागे राहिली तरी तेच करा, एकेरी रस्त्यावर रिव्हर्स घेत परत येऊ नका.

साइट उजवीकडे असेल तर चालकाला शेपूट जवळजवळ दिसतच नाही. मागचा कॅमेरा मदत करतो, पण तो फांदी दाखवत नाही आणि बाजूचा खांबही. इथे दर पाच-सहा फुटांवर थांबून स्पॉटरची नवी खूण घ्या. शंका आली तर स्वतः उतरून पाहा, कितीही वेळा.

ट्रेलर ओढत असाल तर गणित उलटं. हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा. हात डावीकडे नेला की ट्रेलरचं शेपूट डावीकडे जातं. हालचाल थोडी करा आणि परिणाम दिसेपर्यंत थांबा. ट्रेलर आणि गाडी यांचा कोन फार मिटत चालला तर ताबडतोब पुढे घ्या, नाहीतर ट्रेलरचा कोपरा गाडीला लागतो. आखूड ट्रेलर पटकन वळतो, लांब सावकाश, त्यामुळे नवख्याला आखूडच जास्त छळतो. जागेवर आल्यावर आधी चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, मग हिच (गाडी आणि ट्रेलर यांची जोडणी) सोडा.

शेजारी

शेजाऱ्याची कार किंवा मुलांच्या सायकली आड येत असतील तर आधीच जाऊन नम्रपणे विचारा, दहा मिनिटं हलवाल का. लोक आनंदाने हलवतात. तिसऱ्या अपयशी प्रयत्नानंतर विचारलंत तर स्वर आपोआप त्रासिक होतो. त्यांच्या वस्तू स्वतः उचलू नका, आणि त्यांच्या साइटमधून चालतही जाऊ नका. ते तात्पुरतं का होईना, त्यांचं अंगण आहे.

कोणीतरी मदतीला येऊन हात हलवू लागेलच. त्याला झिडकारू नका आणि दुसरा स्पॉटरही करू नका. आभार मानून एकच काम द्या: 'ती वरची फांदी तेवढी बघता का? लागत असेल तर ओरडा.' माणूस खूश होतो आणि फांदीही सांभाळली जाते.

दुसरा कोणी गाडी लावत असेल आणि तुम्ही मागे अडकला असाल, तर तीन गाड्यांएवढं अंतर ठेवून थांबा. त्याला पुढे-मागे व्हायला तेवढी जागा लागते. अपर बंद करा, बराच वेळ थांबायचं असेल तर इंजिनही. हॉर्न नको. इथे तो फक्त धोका सांगण्यासाठी वाजवतात. फट दिसली म्हणून बाजूने घुसू नका आणि व्हिडिओ काढू नका.

निघताना

निघताना होणारा अपघात ठरलेला आहे. वीज-पाण्याचा खांब डावीकडे, आणि साइट रस्त्याच्या उजव्या बाजूला असेल तर एकेरी लूपमध्ये बाहेर पडताना गाडी उजवीकडे वळवायची असते. उजवीकडे वळलं की शेपूट डावीकडे बाहेर फिरतं. मागच्या चाकांच्या मागे दर ३ फुटांना शेपूट साधारण १ फूट बाहेर जातं, असा ढोबळ हिशेब आहे. ३० फुटी मोटरहोममध्ये हा मागचा भाग ९-१० फूट असू शकतो, म्हणजे शेपूट तीन फूट बाहेर, आणि खांब तर दोन-तीन फुटांवरच. म्हणून मागचा बंपर खांब ओलांडून जाईपर्यंत सरळ चला, मगच वळा. समोर जागा कमी असेल तर स्पॉटरला शेपटाजवळ उभं करा, तोंडाजवळ नाही.

त्याआधी एक चक्कर मारा: वीजेची तार (खांबावरचा ब्रेकर आधी बंद करून मग काढा), पाण्याचा पाइप, सांडपाण्याचा पाइप, पायरी, ऑनिंग, चाकांचे ठोकळे, छतावरचा अँटेना. डम्प स्टेशनवर (सांडपाण्याची टाकी रिकामी करायच्या जागी) रांग असेल तर हातमोजे घालून तयारीतच आत शिरा, आणि काम झालं की गाडी पुढे घेऊन मग हात धुवा.

काही लागलंच तर लगेच पुढे-मागे करू नका. अडकलेला पत्रा तसाच ओढला की फाटतो. थांबा, उतरा, कुठे टेकलंय ते पाहा, मग ठरवा. विजेचा खांब वाकला असेल तर त्याला हात लावू नका, कॅम्प होस्टला (कॅम्पग्राउंडवर देखरेख करणाऱ्याला) बोलवा. कोणाचं सामान मोडलं असेल आणि मालक जागेवर नसेल तर फोटो काढा, नाव व फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी टेबलावर दगडाखाली ठेवा आणि होस्टलाही सांगा. भाड्याच्या कंपनीला त्याच दिवशी कळवा.