सी. डी. देशमुखांवर दहा मिनिटं बोलायचंय? मग असं करा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गणपतीत पोरांची भाषणं असतात, यंदा भाचीला चिंतामणराव देशमुख मिळाले आणि तिने मोबाईलवरून पहिलं वाक्य उतरवलं, ‘केमिस्ट ते अर्थमंत्री’. आजीने लगेच विचारलं, कुठं होतं गं दुकान त्यांचं?

तर आधी तो शब्द खोडा. केंब्रिजला ते रसायनशास्त्र शिकले हे खरं, पण सोबत वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्रही होतं आणि बक्षीस मिळालं ते वनस्पतिशास्त्रात. मग १९१८ ला आयसीएसमध्ये, म्हणजे इंग्रज राजवटीतल्या बड्या सरकारी अधिकाऱ्यांच्या परीक्षेत, पहिला नंबर आणि विज्ञान तिथंच सुटलं.

जन्मापासून तर अजिबात सुरू करू नका, लोक चहाला उठतात. महाडजवळचं नाते गाव, १८९६, एवढं मध्येच कुठेतरी टाकून द्या. सुरुवात नोटेने करा. जुन्या नोटा जमवणारे एखादे काका असतातच ओळखीत, त्यांच्याकडे सहाव्या जॉर्जच्या चित्राची नोट बघा, १९४३ नंतरच्या नोटांवर गव्हर्नर म्हणून देशमुखांची सही सापडेल. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. चित्र इंग्रज राजाचं आणि सही कोकणातल्या माणसाची, हे नुसतं दाखवलं तरी पोरं पुढे सरकतात. आमच्या काकांनी नोट प्लास्टिकमधून बाहेर काढू दिली नाही, पण तेवढ्यावरही भागलं.

ब्रेटन वूड्सची जागतिक पैशाच्या व्यवस्थेवरची परिषद, १९५० ला अर्थमंत्री, हे फटाफट. एलआयसीवर मात्र जरा थांबा, कारण पॉलिसी समोरच्या प्रत्येकाकडे असते. आयुर्विमा सरकार ताब्यात घेतंय हे १९ जानेवारी १९५६ च्या रात्री देशमुखांनीच रेडिओवरून सांगितलं, पण सप्टेंबरात एलआयसी सुरू झाली तेव्हा ते मंत्री नव्हते.

का नव्हते, यासाठी चार मिनिटं राखून ठेवा, खरं भाषण हेच आहे. मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवायचं ठरलं, तिथं लोकांवर गोळीबार झाला, चौकशी होईना, आणि नेहरूंनी मंत्रिमंडळाला न विचारता निर्णय जाहीर केला असा त्यांचा थेट आरोप. जुलै १९५६ ला लोकसभेत उभं राहून त्यांनी हे सगळं बोलून दाखवलं आणि पद सोडलं. इथं आवाज चढवू नका, भाचीने चढवला आणि ते पथनाट्य वाटायला लागलं.

वेळ उरला तर मेघदूत, त्यांनी मराठीत उतरवलंय. आणि १ मे १९६० पाठ ठेवा, मग राजीनाम्याने मुंबई मिळाली का, हे मागच्या खुर्चीवरून कोणीतरी विचारणारच, आमच्याकडे आजीनेच विचारलं.